समासातला शेरा : सचिन परिसरातील हिशेबलेखनाच्या एका प्रथेचा इतिहास

हिशेबाच्या वहीतला आकडा आणि त्या आकड्याविषयी लिहिलेला शेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हिशेबलेखनाचा इतिहास सांगताना पहिलीकडे जितके लक्ष जाते तितके दुसरीकडे जात नाही. रक्कम किती हे आकडा सांगतो; ती कमी का भरली, कोणी मान्य केली, कोणाची हरकत राहिली आणि तिचा निकाल केव्हा लागला, हे सांगण्याचे काम शेऱ्याकडे असते. सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वसलेल्या सचिनसारख्या औद्योगिक गावात हे काम आता मुख्यतः संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आडव्याउभ्या चौकटींच्या हिशेबी तक्त्यात होते, आणि शेऱ्यांची संख्या हाताबाहेर गेली की ते गोळा करण्यासाठी, कोणाचे उत्तर यायचे राहिले ते शोधण्यासाठी आणि निकालात निघालेले वेगळे काढण्यासाठी स्वयंचलित आज्ञावली वापरण्याची सोय आहे. ही सोय नवी असली तरी तिच्यामागची गरज नवी नाही. ज्या भूमीवर सचिन उभे आहे त्या भूमीचा वसूल ज्या मराठी दफ्तरात लिहिला जात होता, त्या दफ्तराने शेऱ्याची व्यवस्था कशी लावावी या प्रश्नाचा विचार संगणकाच्या दोनशे वर्षे आधी केला होता.

सचिन हे संस्थान म्हणून अस्तित्वात आले तेच एका करारातून. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात १७८४ साली सिद्दी अब्दुल रहीम याच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा उभा राहिला; सिद्दी जौहर याने किल्ला ताब्यात ठेवला आणि अब्दुल रहीमचा मुलगा अब्दुल करीम याकूतखान, जो बाळू मिया या नावाने ओळखला जातो, तो पुण्यास पेशव्यांच्या आश्रयाला आला. नाना फडणिसांच्या कारभारात, ६ जून १७९१ रोजी झालेल्या करारान्वये बाळू मियाने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळचा, वार्षिक ७५,००० रुपये उत्पन्नाचा धरलेला मुलूख त्याला मिळाला. दिल्लीच्या शाह आलम बादशहाकडून त्याला नवाब हा किताब मिळाला आणि हबशी वंशाच्या या घराण्याने पुढे दीडशेहून अधिक वर्षे सचिनवर राज्य केले. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही, कारण किल्ल्यात बसलेल्या सिद्दी जौहरने हा करार मानला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर या व्यवहाराची नावेची बाजू त्या वर्षीच पुरी झाली आणि जमेची बाजू १८१८ साली पेशवाई बुडेपर्यंत बाकीच राहिली.

पेशव्यांनी दिलेली ही गावे त्याआधी पेशव्यांच्या मुलखात होती, म्हणजे त्यांच्या वसुलाचा हिशेब मराठी रीतीने ठेवला जात असे. सुरतेभोवतीच्या प्रदेशाला तेथील परगण्यांच्या संख्येवरून सुरत अठ्ठाविशी म्हणत. त्यात पेशव्यांचा वाटा होता आणि गायकवाडांचाही. खुद्द सुरत शहरात मराठ्यांचा चौथ वसूल करणारा अधिकारी राहत असे, ज्याला इंग्रजी कागदांत चौथिया म्हटले आहे. एकाच प्रदेशात दोघातिघांचे हक्क गुंतलेले असताना रकमेपेक्षा रकमेवरील शेऱ्याला अधिक महत्त्व येते, कारण तंटा क्वचितच बेरजेवर होतो. तो बहुधा अमुक रक्कम कोणाच्या वाट्यातून आणि कोणत्या सबबीवर वजा केली यावर होतो.

मराठी मुलकी व्यवस्थेत या सबबी लिहिण्याची आणि तपासण्याची कामे वेगवेगळ्या माणसांकडे वाटून दिलेली होती. परगण्याचा वसूल करणारा मामलतदार किंवा कमाविसदार हा मुख्य असला तरी त्याच्यासोबत दरकदार नेमलेले असत. दरकदार म्हणजे ज्याचे पद आणि कर्तव्य वंशपरंपरेने वा सरकारच्या सनदेने ठरलेले आहे असा कामगार. दिवाण पत्रांवर आणि हुकमांवर आपली खूण करी, मजुमदार कागद व हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी पाहून मान्य करी, फडणीस हुकमांवर तारीख घाली आणि रोजकीर्द म्हणजे दररोजच्या जमाखर्चाची वही तयार करी, दफ्तरदार त्या रोजकिर्दीवरून खतावणी म्हणजे खातेवार वही मांडून दरमहा गोषवारा हुजुरास, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीस, पाठवी, आणि पोतनीस शिल्लक रोकड सांभाळी. या दरकदारांना दूर करण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. परिणामी मामलतदाराच्या हिशेबावर मजुमदाराने घेतलेला आक्षेप मामलतदाराच्या मर्जीवर पुसला जाण्याची शक्यता कमी झाली, आणि शेऱ्याच्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची मानली पाहिजे. आक्षेप लिहिण्याची जागा कोणतीही वही देऊ शकते. लिहिलेला आक्षेप टिकून राहील अशी रचना करणे अवघड असते, आणि मराठी दफ्तराने ती केली होती.

परगण्यांतून आलेले हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात पोहोचत, जिथे भरभराटीच्या काळात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. या दफ्तराच्या एकबेरीज नावाच्या शाखेत सर्व खात्यांचे कागद एकत्र येत आणि त्यांवरून तर्जुमा, म्हणजे वर्गवारी केलेला वार्षिक गोषवारा, तयार होई. मधल्या टप्प्यांवर जे संस्कार कागदावर होत त्यांना नेमकी नावे होती. दोन नोंदी ताडून पाहिल्यावर त्या जुळल्या की रुजू लिहीत, आणि या ताडून पाहण्याच्या क्रियेला रुजवात म्हणत. पत्र वा हुकूम दफ्तरातील नोंदवहीत चढला की त्यावर बार असा संकेत येई. त्या नोंदीचे काम ते बारनिशी, आणि हा शब्द आजही महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत आवक-जावक नोंदीच्या शाखेसाठी चालू आहे. पत्राचा मजकूर जिथे संपला तिथे पुढे कोणी काही वाढवू नये म्हणून शेवटी मोर्तब उठवीत. निकालात निघालेले कागद वर्षवार आणि प्रांतवार लावून कापडी रुमालांत बांधून ठेवले जात.

या सर्व संकेतांत स्प्रेडशीटवरील आजच्या टिप्पणीला सर्वांत जवळची आहे ती मखलाशी. एखाद्या सरदाराने, वतनदाराने किंवा अंमलदाराने आपल्या मागण्या, अडचणी आणि हरकती कलमवार लिहून यादी पाठवली की हुजुरातून प्रत्येक कलमाचा निर्णय त्याच कलमाच्या लगत लिहिला जाई, आणि त्या निर्णयाला मखलाशी म्हणत. अर्जासाठी एक कागद आणि हुकमासाठी दुसरा असे न करता प्रश्न आणि निर्णय एकाच यादीत समोरासमोर राहत, त्यामुळे वाचणाऱ्याला कोणते कलम मंजूर झाले, कोणते नाकारले आणि कोणते चौकशीसाठी ठेवले ते एका दृष्टीत कळे. शेरा हा एकतर्फी असतो: वरिष्ठाने किंवा तपासनिसाने कागदावर आपले मत नोंदवले की त्याचे काम झाले. मखलाशीत दोन पक्ष असतात आणि निकालाशिवाय ती पूर्ण होत नाही. हा भेद पुढे संगणकाच्या संदर्भात पुन्हा भेटणार असल्याने येथे नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हुजूर दफ्तराची शिस्त ढासळली, नोंदी अनियमित झाल्या आणि कागद पांगले. तरीही जे उरले ते इंग्रजांना इतके उपयोगी वाटले की १८१८ नंतर त्यांनी ते ताब्यात घेऊन पुण्यात जतन केले, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर इनामदारांचे हक्क खरे की खोटे हे ठरवताना याच दफ्तराचा आधार घेतला गेला. पिढ्यांपूर्वी एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाची जमीन राहणार की जाणार हे अवलंबून राहिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा इतिहासकारांनाही या लिखाणाचे मोल नव्याने कळले.

सचिन संस्थानाची पुढची कहाणी हिशेबाच्या दृष्टीने गुंतागुंतीची आहे. अवघ्या ४९ चौरस मैलांच्या या संस्थानाची गावे सलग नव्हती; काही गावांना इंग्रजी मुलखाचा वेढा होता तर काहींना बडोद्याच्या. बडोद्याच्या राज्याचा नवसारी प्रांत शेजारीच होता, जिथल्या कारभारात मराठी दफ्तराची घडण आणि गुजराती लेखन यांचा मेळ बसलेला होता. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा अनेक भाषांतील राज्यकारभाराच्या संज्ञांचा कोश त्या मेळाचाच परिपाक होय. सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत याच काळात दुसरी एक परंपरा चालू होती. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांची पूजा करून सुरू होणाऱ्या या वह्यांत रोजमेळ आणि खातेवही असे दोन मुख्य भाग असत, प्रत्यक्ष रोकड न देता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम फिरवली की तिला हवाला म्हणत, आणि नोंदीखाली ज्याच्या हातून व्यवहार झाला त्याचे नाव हस्ते असे लिहून नोंदवीत. व्यवहार पेढीचा असला तरी जबाबदार माणूस कोण हे या हस्तेच्या नोंदीने कळे. मराठी दुकानदारांच्या कीर्दखतावणीतही हीच रीत आढळते.

१९४८ साली सचिन मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी सुरत जिल्ह्याबरोबर गुजरातेत गेले. त्यानंतर गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसाहत वसवली, कापड रंगवण्या-छापण्याचे आणि विणण्याचे कारखाने उभे राहिले, २००० साली देशातील पहिल्या खाजगी विशेष आर्थिक क्षेत्रांपैकी एक येथे सुरू झाले आणि २०२० साली सचिन सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. या वाढीत मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधलेल्या तापी खोऱ्यातील रेल्वेने खानदेश सुरतेशी जोडला, आणि धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांनी उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत वस्ती केली. यंत्रमागापासून हिशेबाच्या टेबलापर्यंत अहिराणी आणि मराठी बोलणारी माणसे सुरतेच्या कापडधंद्यात आहेत, याची नोंद सुरतेच्या आर्थिक इतिहासात पुरेशा ठळकपणे होणे आवश्यक आहे.

कापड प्रक्रियेच्या धंद्यात शेऱ्याची गरज का पडते हे समजण्यासाठी जॉबवर्कची पद्धत पाहावी लागते. व्यापारी कोरे कापड, ज्याला धंद्यात ग्रे म्हणतात, ते ताक्यांच्या हिशेबाने चलान लावून कारखान्यात पाठवतो. कारखाना ते रंगवून वा छापून परत करतो आणि मजुरी घेतो. या प्रक्रियेत कापड आकसते, काही ताक्यांवर डाग पडतात, काही पुन्हा प्रक्रियेसाठी जातात. त्यामुळे आलेले मीटर आणि गेलेले मीटर कधीच सारखे नसतात, आणि प्रत्येक फरकाला कारण लिहावे लागते. कागदी नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असे, आणि त्यात मावेल तितकेच लिहिले जाई. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर या कारणांत आणखी एका थराची भर पडली. खरेदीची प्रत्येक पावती पुरवठादाराने सरकारी संकेतस्थळावर भरलेल्या माहितीशी जुळली तरच कराची वजावट मिळते. ऑगस्ट २०२० पासून दरमहा मिळणाऱ्या टू-बी नावाच्या विवरणाशी खरेदीची वही ताडून पाहणे ही आजची रुजवातच होय. शिवाय लघुउद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच करासाठी धरला जातो, या आयकराच्या तरतुदीमुळे २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून येण्याजाण्याच्या प्रत्येक थकबाकीसमोर काही ना काही लिहून ठेवणे भाग पडू लागले.

हे लेखन ज्या साधनात होते त्याचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिसिकॅल्क ही पहिली लोकप्रिय संगणकीय स्प्रेडशीट बाजारात आणली, १९८३ साली लोटस १-२-३ आले आणि १९८५ साली मायक्रोसॉफ्टचे एक्सेल. यांत अंकांची काळजी प्रथमपासून घेतलेली होती; शेऱ्याला मानाची जागा पुष्कळ उशिरा मिळाली. एक्सेल ९७ या आवृत्तीतली टिप्पणी म्हणजे सेलच्या, म्हणजे तक्त्यातील एका चौकटीच्या, कोपऱ्यावर लाल त्रिकोणाची खूण आणि तिच्यावर गेल्यास उघडणारी पिवळी पट्टी. तिला उत्तर देण्याची सोय नव्हती आणि निकालात काढण्याचीही नव्हती. दुसऱ्या कोणी काही लिहायचे तर त्याच पट्टीत खाली लिहावे लागे. सलग उत्तरे घेणारी, लिहिणाऱ्याचे नाव व वेळ आपोआप नोंदवणारी आणि निकाली अशी खूण करता येणारी टिप्पणी एक्सेलमध्ये २०१८-१९ च्या सुमारास आली, आणि तेव्हा जुन्या पिवळ्या पट्ट्यांना टीप असे वेगळे नाव देण्यात आले. म्हणजे एकतर्फी शेरा आणि निकालापर्यंत जाणारी मखलाशी हा जो भेद पुण्याच्या दफ्तराला अंगवळणी पडलेला होता, तो जगातील सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या हिशेबी साधनात स्पष्टपणे मान्य होण्यास एक्सेलच्या जन्मानंतर तीसहून अधिक वर्षे लागली.

स्वयंचलित आज्ञावलीने हे शेरे हाताळणे शक्य होते ते स्प्रेडशीटच्या आतील रचनेमुळे. २००६ साली प्रमाणित झालेल्या एक्सएलएसएक्स या प्रकारची फाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे असते. त्यात आकड्यांची पाने वेगळी, टिपांची फाइल वेगळी आणि नव्या प्रकारच्या टिप्पण्या तसेच त्या लिहिणाऱ्या व्यक्तींची यादी आणखी वेगळी ठेवलेली असते. टिप्पणीच्या प्रत्येक नोंदीत कोणत्या सेलवर, कोणी, केव्हा, कोणत्या आधीच्या टिप्पणीला उत्तर म्हणून आणि निकाली की अनिर्णित, इतके तपशील असतात. पायथॉनसारख्या संगणकीय भाषेतील ओपनपायएक्सेल हे साधन वापरून शेकडो फाइलींतील टिपा वाचून त्यांची एक यादी करता येते, सेलवर नव्या टिपा लिहिता येतात किंवा जुन्या काढता येतात. परंतु हे साधन टिपेचा मजकूर राखते आणि तिच्या अक्षरांची सजावट व मूळ आकार गमावते. नव्या टिप्पण्यांच्या बाबतीत तर त्याला दिसते ती केवळ जुन्या साधनांसाठी ठेवलेली पर्यायी प्रत. तीच वाचून फाइल पुन्हा साठवली तर प्रश्नोत्तरांची साखळी हरवू शकते. गूगल शीट्समध्ये टीप हा सेलचाच एक गुणधर्म मानला असल्याने ती तक्त्याच्या प्रणालीतून मिळते, पण उत्तरे घेणारी टिप्पणी मात्र गूगल ड्राइव्ह या फाइलींच्या कोठाराच्या प्रणालीतून मागवावी लागते, आणि ती नेमक्या कोणत्या सेलला जोडलेली आहे हे तेथून निश्चित कळणे कठीण जाते. आकडे आणि शेरे असे दोन ठिकाणी राहत असल्यामुळे तक्ता सीएसव्ही या साध्या मजकूर-प्रकारात उतरवला किंवा फक्त किमती दुसरीकडे चिकटवल्या की सर्व शेरे निमूटपणे मागे राहतात. हिशेबनिसाला या धोक्याची आधी कल्पना नसेल तर मार्चअखेरीस त्याच्या हाती कारणांशिवायचे आकडे उरतात.

या आज्ञावल्यांचे खरे काम एकबेरीज दफ्तराचे आहे, आणि त्यांच्याकडून तेवढेच मागावे. निरनिराळ्या खात्यांच्या तक्त्यांतील टिप्पण्या एका नोंदीत आणणे, त्यांना पार्टी, चलान आणि तारीख यांप्रमाणे लावणे, ज्यांना ठरावीक दिवसांत उत्तर आले नाही त्या वर काढणे, ही कामे यंत्र माणसापेक्षा चांगली करते. निकाल देण्याचा अधिकार मात्र यंत्राला देता येत नाही. निकाली ही खूण करण्यास कोणालाही, अगदी ज्याच्या आकड्यावर हरकत आहे त्यालाही, एका टिचकीपेक्षा अधिक श्रम पडत नाहीत; आणि संपादनाचा अधिकार असलेल्या माणसाने टिप्पणी समूळ काढून टाकली तर ती त्या तक्त्यातून नाहीशी होते. मामलतदाराला मजुमदार काढता येत नव्हता, या जुन्या तरतुदीशी तुलना करता आजची सोय येथे उणी पडते. शेरा कोणी लिहावा आणि तो कोणी मिटवावा ही दोन कामे वेगळ्या माणसांकडे राहिली पाहिजेत, ही शिस्त कचेरीने घालून द्यायची असते. ती नसेल तर आज्ञावली फक्त गोंधळाची गती वाढवते.

कायद्याने या दिशेने एक पाऊल टाकले आहे, पण ते अर्धे आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक बदलाची, बंद न करता येणारी नोंद राखणे बंधनकारक झाले आहे. मात्र बाजूच्या स्प्रेडशीटवर, जिथे घट, डाग, परतावा आणि थकबाकी यांची खरी कारणे लिहिली जातात, तिथे ही सक्ती एरवी पोहोचत नाही. वस्तू व सेवा कराच्या कायद्याखाली हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने, आणि कंपनी कायद्याखाली आठ आर्थिक वर्षे सांभाळावी लागतात. सचिनच्या वसाहतीतील आणि सुरतेच्या बाजारातील हिशेबनिसांनी, त्यांतही ज्यांच्या घरात मराठी आहे त्यांनी, निदान इतके करावे: वर्ष बंद करताना तक्त्यांवरील सर्व टिप्पण्या, लिहिणाऱ्याच्या नावासह आणि निकालासह, एका वेगळ्या नोंदवहीत उतरवून त्या पुस्तकांबरोबरच तितकी वर्षे जपाव्यात, आणि त्या नोंदवहीवर टिप्पणी लिहिणारा व निकाल देणारा अशा दोन वेगळ्या माणसांच्या सह्या घ्याव्यात.